पस्तीस अंशांची राखण

अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. भोकरदन तालुक्यातल्या राजूरला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. मधले 25 अंश कुठून आणायचे? जालना जिल्ह्यातल्या कोंबडीपालनाच्या गेल्या पन्नास वर्षांचा मागोवा घेताना हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुढे येत राहतो.

राजूर म्हटले की मराठवाड्याला राजुरेश्वर गणपती आठवतो आणि अंगारकीची गर्दी. पण याच शिवारात मका पिकतो, सोयाबीन पिकते, आणि कोंबडीखाद्याचे हे दोन मुख्य घटक आहेत. चारा-दाण्याची अडचण इथे कधी मोठी नव्हती. अडचण होती पहिल्या तीन आठवड्यांची.

जुन्या पद्धतीत हा प्रश्नच उद्भवत नसे. कोंबडी खुडूक झाली की टोपलीत भुसा घालून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची आणि 21 दिवस वाट पाहायची. कोंबडीच्या अंगाची ऊब 41 अंशांच्या घरात असते. पिल्लांना गारठा लागला की ती पंखाखाली शिरत, अंग तापले की बाहेर येत. रात्री सगळे कुटुंब डालग्याखाली. घरातली बाई हे सांभाळी, आणि अंड्यांचे चार पैसेही तिच्याच हाती राहत. घार, मुंगूस आणि मांजर यांच्यापासून पिल्ले वाचवणे एवढीच काय ती लढाई. मर्यादा एकच होती: एका कोंबडीच्या पंखाखाली मावतील तेवढीच पिल्ले.

ही मर्यादा यंत्राने मोडली. 1971 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे हे या धंद्याचे मोठे केंद्र झाले. शासनानेही पुणे, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नागपूर आणि कोल्हापूर येथे अंडी उबवणी केंद्रे चालवली. तिथून निघणारे एकदिवसीय पिल्लू दूरवर पाठवता येते, कारण अंड्यातून निघण्याआधी ते उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस तग धरते. भोके पाडलेल्या खोक्यात, 25-25 च्या कप्प्यांत बसवलेली शंभर पिल्ले प्रवासात एकमेकांच्या अंगाची ऊब घेतात. बलकाने भुकेची सोय केली. खोके उघडल्यावरच्या थंडीची सोय मात्र ज्याच्या दारात ते उतरले त्याने करायची होती.

ही सोय म्हणजे ब्रूडर. जमिनीवर दोन-तीन इंच भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा, पहिले दोन-चार दिवस त्यावर कागद, भोवती दीड फूट उंचीच्या पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे, आणि मध्ये टांगलेल्या छत्रीखाली बल्ब. कडे गोलच हवे; कोपरा सापडला की पिल्ले तिथे ढीग करतात आणि तळातली गुदमरतात. जालन्यात भात पिकत नाही, त्यामुळे तूसही बाहेरून आणावे लागे. न मिळाल्यास भुईमुगाच्या टरफलांवर भागवायचे. पिल्लामागे एक ते दोन वॅट असा बल्बांचा ढोबळ हिशेब, आणि दर आठवड्याला साधारण तीन अंश ऊब कमी करायची. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगायचा. पण जाणता माणूस आधी पिल्लांकडे पाहतो. बल्बाखाली गोळा होऊन चिवचिवाट चालला असेल तर ऊब कमी आहे. कडेला पांगून, चोच उघडून धापा टाकत असतील तर जास्त आहे. एकाच बाजूला सरकली असतील तर कुठून तरी वारा शिरतो आहे. सगळीकडे सारखी विखुरलेली, खात-पीत असतील तर निर्धास्त झोपावे.

निर्धास्त झोप मात्र विजेवर अवलंबून होती. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातल्या गावांनी बारा-बारा तासांचा अंधार पाहिला. 35 अंशांवरची पिल्ले मध्यरात्री अचानक उघडी पडत. पहिल्या आठवड्यात त्यांच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते, आणि शरीराचे तापमान स्वतः राखण्याची क्षमता पुरती आलेली नसते. वीज परत येईपर्यंत ढिगातली पिल्ले चेंगरलेली असत. मग कोळशाची शेगडी आली आणि तिच्याबरोबर नवा धोका. थंडीच्या भीतीने पडदे घट्ट बांधले की कोळशाचा विषारी वायू आत कोंडतो. भिजलेल्या तुसातून अमोनिया उठून डोळे चुरचुरतात ते वेगळेच, आणि त्याच ओलाव्यात रक्ती हगवण फैलावते. म्हणून पडद्याची वरची फट उघडी ठेवायची, हे शहाणपण नुकसान सोसूनच पसरले. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाले, तसा गावातला दिवा सावरला. शेतातल्या शेडला मात्र शेतीच्या वेळापत्रकाची वीज, म्हणून इन्व्हर्टर किंवा गॅसचा ब्रूडर हाताशी ठेवणे भाग पडले.

2015 मध्ये उजाला योजना आली आणि एलईडी दिवे घरोघरी पोचले. विजेची बचत झाली हे खरेच. पण जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेतच घालवायचा, आणि ब्रूडरला तीच उष्णता हवी होती. एलईडी उजेड देतो, ऊब जवळपास देतच नाही. बाजारातून जुना बल्ब मागे सरला तसे इन्फ्रारेड बल्ब आणि हीटर घेण्याचा खर्च लहान पालकाच्या माथी आला. याची पुरेशी दखल कुणी घेतलेली दिसत नाही.

मधल्या काळात दोन मोठे धक्के बसले: 2006 मध्ये नवापूरचा बर्ड फ्लू आणि जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातला मुरुंब्याचा. दोन्ही वेळा मोठी शेड रिकामी झाली, आणि दारातल्या चार कोंबड्या पाळणाराही धास्तावला.

पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत दोन पर्याय राहिले आहेत: एकदिवसीय 100 पिल्लांचा गट, किंवा 25 तलंगा (तरुण कोंबड्या) आणि 3 नर. ज्याच्याकडे शेड, विजेची पर्यायी सोय आणि रात्री दोनदा उठणारे माणूस आहे त्याने पिल्ले घ्यावीत. ज्या घरात यातले काही नाही, तिथे तलंगांचा गटच रास्त, कारण ऊब देण्याचा काळ त्यांनी आधीच पार केलेला असतो. केंद्राच्या परसातील कुक्कुटपालन योजनेत तर ‘मदर युनिट’ची कल्पनाच यासाठी आहे: पिल्ले चार आठवडे एका ठिकाणी वाढवायची आणि मगच घरोघरी द्यायची. राजूरसारख्या बाजाराच्या गावी असे एखादे युनिट उभे राहिले, तर आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बायांना थंडीतही कोंबड्या घेता येतील.