हृदय बनवायची ऑर्डर कोण देतं? पेशीतल्या 'स्विच'ची गोष्ट

यूट्यूबवर 'झेब्राफिश हार्ट' असं सर्च करून बघा. जेमतेम एका दिवसाचं, काचेसारखं पारदर्शक भ्रूण आणि त्याच्या आत काहीतरी धडधडतंय. बाकी शरीर अजून अर्धवट, पण हृदय मात्र सुरू! माणसाच्या गर्भातही साधारण बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी हे घडतं. म्हणजे आईला आपण गरोदर आहोत हे धड कळलेलंही नसतं.

असे व्हिडिओ बघताना मला नेहमी एकच प्रश्न पडतो. त्या पेशींना कोण सांगतं, की बाबांनो, तुम्ही हृदय व्हायचंय?

कारण डीएनए तर सगळीकडे तोच असतो. हृदयाच्या पेशीत आणि कातडीच्या पेशीत प्रोटीन बनवणारी तीच सुमारे २०,००० जनुकं असतात. एकाच मॉडेलचे दोन फोन समजा. दोन्हींत अ‍ॅप्स सारखीच, फक्त एकावर कॅमेरा उघडलाय आणि दुसऱ्यावर नकाशा. कुठलं अ‍ॅप उघडायचं हे ठरवणारं बोट म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. हे एक प्रोटीन असतं. ते डीएनएवरचा अक्षरांचा ठराविक तुकडा ओळखून तिथे चिकटतं आणि एखादं जनुक चालू किंवा बंद करतं. माणसात अशी सुमारे १,६०० प्रोटीन्स आहेत.

पण फोनची उपमा इथपर्यंतच चालते. फोनवरचं बोट बाहेरून येतं, इथे ते बोटसुद्धा आतल्याच एका जनुकापासून बनतं! मग पहिला धक्का कोण देतं? शेजारच्या पेशी. त्या बीएमपीसारखे रासायनिक निरोप पाठवतात, त्याने पहिले फॅक्टर जागे होतात, ते पुढच्यांना जागं करतात आणि साखळी सुरू होते.

या गोष्टीतलं सगळ्यात मजेदार पात्र सापडलं फळमाशीत. एक जनुक बिघडलं की माशीच्या भ्रूणात हृदयच बनत नाही, हे १९९३ साली दिसलं. त्या जनुकाचं नाव 'टिनमन'. 'विझर्ड ऑफ ऑझ'मधल्या पत्र्याच्या माणसाला हृदय नसतं ना, त्यावरून. त्याच सुमारास उंदरात त्याचा भाऊबंद सापडला, एनकेएक्स२-५. आता सगळ्यांना वाटलं, हाच हृदयाचा मास्टर स्विच. १९९५ साली हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, आणि अंदाज चुकला. हृदय गायब झालंच नाही! नळीसारखं हृदय बनलं, धडधडलंही. फक्त त्या नळीला जो पीळ पडून कप्पे तयार व्हायला हवे होते, ते जमलं नाही आणि भ्रूण मेलं.

मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत हृदयाचा एकच मालक नाही, तिथे पूर्ण टीम आहे. गाटा-४ बघा. हृदयाच्या पेशी आधी डावीकडे आणि उजवीकडे अशा दोन पट्ट्यांत असतात, मग सरकत मध्ये येऊन जुळतात. गाटा-४ नसलेल्या उंदरांत त्या जुळल्याच नाहीत, दोन वेगळ्या नळ्या राहिल्या. हँड-२ नसेल तर उजवा कप्पा नीट वाढत नाही. आणि हे सगळे एकेकटे काम करत नाहीत. गाटा-४, टीबीएक्स-५ आणि एनकेएक्स२-५ एकमेकांना धरून डीएनएवर बसतात.

टीबीएक्स-५ची गोष्ट थोडी वेगळी. आपल्याकडे बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. टीबीएक्स-५ची एकच प्रत बिघडली, दुसरी ठणठणीत असली, तरी होल्ट-ओरॅम सिंड्रोम होतो. त्यात हृदयाच्या पडद्याला छिद्र असतं आणि अंगठा वेगळ्या घडणीचा असतो किंवा नसतोच. कारण हाच फॅक्टर हात घडवतानाही लागतो. म्हणजे हे नुसतं चालू-बंदचं बटण नाही, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं आहे. अर्ध्या डोसवर काम बिघडतं.

आता हे तुम्ही का वाचावं? साधारण शंभर बाळांमागे एका बाळाला जन्मतः हृदयाचा काहीतरी दोष असतो. तुमच्या ओळखीतही असं एखादं घर असेल. आणि आपल्याकडे पहिलं बोट कुणाकडे जातं? आईकडे. 'ग्रहणात काहीतरी चिरलं असेल', 'जड उचललं असेल'. हे मला अजिबात पटत नाही. ग्रहणाने ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर बदलत नाहीत. १९९८ साली काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या हृदयाच्या छिद्रामागे एनकेएक्स२-५ मधला बदल सापडला, आणि असा बदल वडिलांकडूनही येऊ शकतो. बहुतेक बाळांत मात्र असं एकच जनुक दाखवता येत नाही. गरोदरपणातला रुबेला किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांनी धोका वाढतो हे खरं, पण तो डॉक्टरांशी बोलायचा विषय आहे, टोमणे मारायचा नाही.

घरात एकापेक्षा जास्त जणांना असा दोष असेल, तर जेनेटिक कौन्सेलिंगबद्दल जरूर विचारा. पाचव्या महिन्याच्या आसपास पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे फीटल इको, करता येते. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांमधल्या मुलांची तपासणी होते, त्यात जन्मजात हृदयदोषही येतात.

जाता जाता एक भन्नाट प्रयोग. २०१० साली अमेरिकेतल्या ग्लॅडस्टोन इन्स्टिट्यूटमध्ये उंदराच्या हृदयातल्या साध्या भरावाच्या पेशींत तीनच फॅक्टर घातले: गाटा-४, एमईएफ-२सी आणि टीबीएक्स-५. काही पेशी चक्क हृदयस्नायूसारख्या झाल्या, त्यातल्या थोड्या धडधडूही लागल्या. हार्ट अटॅकनंतर मेलेला स्नायू आपलं हृदय जवळपास परत बनवत नाही, म्हणून या प्रयोगाकडे सगळ्यांचे डोळे लागले. माणसाच्या पेशींना मात्र हे त्रिकूट पुरलं नाही, आणखी फॅक्टर घालावे लागले. कुठले, किती आणि कोणत्या प्रमाणात, यावर काम चालू आहे.