नजरेची परीक्षा

बारावीचा निकाल लागला की कित्येक घरी मुलाच्या हाती गाडीची किल्ली येते. गाडी तो झोकात चालवतो. परंतु रस्ता त्याला वाचता येतो काय, अशी आम्हांस शंका आहे. कडेने चेंडू घरंगळत आला, तर मुरलेला चालक वेग आधीच उतरवतो, कारण चेंडूमागून मूल धावत येणार हे तो जाणून असतो. नवशिक्याची नजर गाडीच्या नाकापुढेच खिळलेली. उभ्या बसच्या आडून माणूस पुढ्यात आला, की तो ब्रेक करकचून दाबतो किंवा हँडल एकदम वळवतो. दुचाकी असली तर घसरलीच म्हणावी.

२०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्याबद्दल पालकास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, हे योग्यच. (किल्ल्या तरीही मिळतातच, हा भाग निराळा!) पण अठरावे लागल्याने नजर तयार होत नाही, आणि परवान्यासाठी आपण पाहतो काय, तर आठाचा आकडा काढता येतो की नाही! ब्रिटनमध्ये २००२ पासून उमेदवारास रस्त्याची चलचित्रे दाखवतात आणि धोका तो किती लवकर ओळखतो, त्यावर गुण देतात. परिवहन खात्याने अशी चाचणी येथेही सुरू करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. चित्रे मात्र लक्ष्मी रस्त्यावरची घ्यावीत.