एक लाईन, दोन घरं

दिवाळीच्या सुट्टीत तळेऱ्याला घरी गेलो, तर आमच्या प्रिंटरमधून वरच्या भाडेकरूंच्या मुलाचा गृहपाठ बाहेर पडला! आई म्हणाली, "ह्यां कोणाचां रे?"

कारण साधं होतं. लाईन एक, राऊटर एक, बिल निम्मं-निम्मं. पैसे वाचले, पण आमचा प्रिंटर आणि बाबांच्या कॉम्प्युटरवरचं हिशोबाचं शेअर केलेलं फोल्डर त्यांनाही दिसत होतं. होस्टेलवरही एका कनेक्शनवर चार खोल्या चालतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

उपाय म्हणजे दुसरा साधा राऊटर. पण तो कोणाकडे लावायचा, यातच खरी मेख आहे.

राऊटर हा आपल्या रेक्टरच्या बरोबर उलट! आतल्याला कधीही बाहेर सोडतो, बाहेरच्याला मात्र बोलावल्याशिवाय आत घेत नाही. आपण सहसा दुसरा राऊटर भाडेकरूला देतो आणि फसतो. कारण त्याच्या राऊटरच्या दृष्टीने आपलं घर 'बाहेर' असतं, आणि बाहेर जायला त्याला पूर्ण मोकळीक! म्हणून दुसऱ्या राऊटरच्या मागे आपण स्वतः राहायचं.

वायर पहिल्याच्या लॅन पोर्टमधून दुसऱ्याच्या वॅन पोर्टमध्ये घाला. लॅनमधून लॅनमध्ये घातली तर दुसरा राऊटर नुसता स्विच होतो, भिंत उरतच नाही. पत्तेही वेगळे ठेवा. एकाचे १९२.१६८.१ ने सुरू होणारे, तर दुसऱ्याचे १९२.१६८.२ ने.

आता तुम्ही म्हणाल, भाडेकरूचं काय? आपण त्याच्या बाजूला डोकावू शकतोच की! दोघांनाही भिंत हवी असेल तर तीन राऊटर लागतात. एक नाक्यावर, त्याला थेट कोणीच जोडायचं नाही. त्यातून दोन फाटे, प्रत्येकावर एकेक राऊटर. आमच्या तळेऱ्यासारखंच. महामार्गावरून एक रस्ता विजयदुर्गला जातो, दुसरा वैभववाडी-गगनबावडामार्गे कोल्हापूरला. विजयदुर्गच्या एसटीत बसलेल्याला कोल्हापूरच्या एसटीतल्या पिशव्या दिसत नाहीत. एवढा खर्च नको असेल तर बऱ्याच राऊटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क'ची सोय असते. पाहुण्यांना घरातली इतर यंत्रं दिसू देणारा पर्याय तेवढा बंद ठेवा.

पण एक विसरू नका. या भिंती आतल्या. बाहेरच्या जगाला सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून. माग काढत पोलीस पोचले ते त्याच घरी. तेव्हा पासवर्ड घाला, तो ओळखीच्यालाच द्या, आणि राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड मात्र कुणालाच नको.

आमच्याकडे आता भिंत उभी आहे. वरचा मुलगा गृहपाठ पेनड्राईव्हवर घेऊन खाली येतो, आणि जाताना आईकडून करंजी घेऊन जातो. त्याला वाटतं, जुनीच सोय बरी होती. करंजी मिळते हे मात्र त्याला मान्य आहे!