पार्सल, व्हाया पोलादपूर

महाबळेश्वरचा वीकेंड म्हटला की आर्थर सीट पॉइंट आलाच. टोपी उडेल असा वारा, हातात मक्याचं कणीस, दहा-बारा फोटो, एक 'वॉव', की मंडळी वळली स्ट्रॉबेरी-क्रीमकडे! समोरच्या त्या खोल, हिरव्या दरीचं नाव विचारलंत कधी? ती सावित्रीची दरी. तिथून उतरलेलं पाणी पोलादपूर, महाड करत बाणकोटला अरबी समुद्रात जातं. आणि ते नुसतं जात नाही, डोंगराचं पार्सल घेऊन जातं. आत काय असतं? कार्बन!

थांबा, पान उलटू नका. हा गाडीच्या धुरातला कार्बन नव्हे. कुजलेली पानं, काटक्या, मुळं, जंगलातली काळी माती, म्हणजे कधीतरी जिवंत असलेलं जे काही, त्यातला सेंद्रिय कार्बन. नदीतल्या आणि खाडीतल्या जिवांचा बराच डबा याच पार्सलमधून येतो.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्या एका गोमुखातून पडतात, अशी श्रद्धा आहे. त्यातली कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत धोमपासून धरणांची रांगच. सावित्रीचा अख्खा प्रवास जेमतेम शंभरेक किलोमीटरचा. म्हणजे माथ्यावरचं जांभळाचं पान धारेच्या पूर्वेला पडलं, तर बहुधा कुठल्यातरी जलाशयाच्या गाळात रुतणार. पश्चिमेला पडलं, तर एखाद्या दणदणीत पुरात काही दिवसांतच खाडी गाठणार. एकाच झाडाची दोन पानं, दोन समुद्र. सही आहे ना?

डिप-डिप फंडा

पान ओढ्यात पडलं की पहिल्या एक-दोन दिवसांत त्यातला विरघळणारा भाग पाण्यात उतरतो. अगदी आपल्या डिप-डिप चहासारखा. जंगलातल्या ओढ्याला कधीकधी दिसणारा तो फिका तपकिरी रंग यातूनच येतो. उरलेल्या पानावर बुरशी चढते. पाण्यात राहणाऱ्या यातल्या अनेक बुरशांचे बीजाणू चार पायांच्या चांदणीसारखे असतात आणि धबधब्याखालच्या फेसात अडकतात. १९४२ मध्ये इंग्लंडमध्ये इंगोल्ड नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने कुजक्या पानांवर ही मंडळी हुडकली. सह्याद्रीच्या ओढ्यांतही ती भरपूर आहेत. बुरशीने पान मऊ केलं की किड्यांच्या अळ्या, खेकडे, कोळंबी त्यावर ताव मारतात, त्यांना मासे खातात, माशांना महाडच्या सावित्रीतल्या मगरी. कोकणात पहिल्या पावसाला वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, तेव्हा त्यांच्या पिल्लांसाठी खालच्या पाण्यात हा डबा उघडलेला असतो.

हिमालयात हे काम हिमनद्याही करतात. अलास्कातल्या हिमनद्यांबद्दल २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एक गंमत दिसली: बर्फातून वितळून आलेला कार्बन हजारो वर्षं जुना, तरी जीवाणू तो ताज्या भाकरीसारखा चट्टामट्टा करत होते. आपल्याकडे बर्फ नाही. सावित्रीची हिमनदी म्हणजे जून ते सप्टेंबरचा पाऊस. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, आणि पार्सलचा बहुतेक धंदा त्या चार महिन्यांतच उरकतो.

यातला सगळाच कार्बन समुद्रापर्यंत पोचत नाही, बरं का. २००७ च्या एका प्रसिद्ध अंदाजानुसार जगभरातल्या जमिनीवरून नद्या-तळ्यांत वर्षाला सुमारे १.९ अब्ज टन कार्बन येतो आणि समुद्रात पोचतो ०.९ अब्ज टन. बाकीचा काही गाळात बसतो, आणि बराचसा जीवाणू खाऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत सोडतात. म्हणजे नदी हा नुसता पाइप नाही, ती श्वासही घेते.

महाडला आल्यावर

पोलादपूर सोडलं की सावित्रीचा उतार संपतो. महाडला काळ आणि गांधारी येऊन मिळतात आणि समोरून खाडीची भरती येते. वरून पूर, खालून भरती, मध्ये शहर. वेग गेला की पार्सल तिथेच उतरतं. त्याला आपण गाळ म्हणतो.

आणि इथे गोष्ट गोड राहत नाही. पानं हळूहळू येतात. दरड एका रात्रीत येते. २५ जुलै २००५ ला महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले. २२ जुलै २०२१ ला तळियेत ८० हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या आणि महाड शहर पाण्याखाली गेलं. घरं आणि माणसं गेली, त्यापुढे कार्बनचा हिशोब मांडणं जिवावर येतं. पण तोही आहेच. शेकडो वर्षांत साठलेली माती मुळांसकट नदीत येते. ती चिखलात पटकन खोल गाडली गेली, तर तिच्यातला कार्बन दीर्घकाळ बंद राहतो. बंगालच्या उपसागराच्या तळाशी हिमालयाचा असा प्रचंड साठा आहे. काठावर उघडी पडून राहिली, तर कुजून हवेत जाते. डोंगराला मात्र ती पुन्हा मिळत नाही.

उन्हाळ्यात इथल्या डोंगरांवर वणवे लागतात, त्याचीही नोंद पाण्यात होते. जगातल्या नद्या समुद्रात नेतात त्या विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे १० टक्के जळिताचा असतो, असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. हा कोळसा कुणाच्याही डब्यात सहजासहजी चालत नाही.

दुसरं पार्सल कारखान्यांचं आणि गटारांचं. महाडला केमिकलची मोठी एमआयडीसी आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत सावित्रीचं नाव होतं. सांडपाण्याच्या रिपोर्टमध्ये 'बीओडी' हा आकडा असतो ना, तो म्हणजे पाण्यातलं सेंद्रिय खाणं फस्त करायला जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन. पानांचा डबा पावसाळ्यात, भरपूर वाहत्या पाण्यात उघडतो. सांडपाणी मे महिन्यातही येतं, जेव्हा पात्रात पाणीच नसतं. मग ऑक्सिजन संपतो, आणि मासे पोट वर करून तरंगतात.

२०२१ नंतर सावित्रीतला गाळ काढायचं काम हाती घेतलं गेलं. महाडकरांना विचाराल तर ते हवंच होतं. दुकानात छतापर्यंत पाणी पाहिलेल्या माणसाला खाडीतल्या शिंपल्यांचं लेक्चर देऊन चालत नाही. पण वरचा डोंगर उघडा राहिला, तर उपसलेली जागा पुढच्या काही पावसांत परत भरते. आंबेनळी घाटात गाडीच्या खिडकीतून 'व्हॅली व्ह्यू, क्लिअर टायटल' असा प्लॉटचा बोर्ड दिसला, तर दर विचारण्याआधी एजंटला एवढंच विचारा: सपाटीकरणासाठी कापलेली माती कुठे टाकणार?