आधी अंजुमन, मग शाळा

मंगळवेढ्यात चार पालक एकत्र बसले की आपली एखादी लहानशी शाळा असावी, हा विषय निघतोच. मग लगेच जागा कुठली, इमारत किती मजली, यावर वाद सुरू. आम्ही वर्गात शिकवणारी माणसं. आम्हाला अशा वेळी मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम आठवते.

सीएसएमटी स्टेशनसमोरची तिची दगडी इमारत सगळ्यांना माहीत आहे. पण सुरुवात इमारतीपासून झाली नव्हती. 1874 मध्ये बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे थोरले भाऊ कमरुद्दीन, कोकणी व्यापारी नाखुदा मोहम्मद अली रोगे आणि मुन्शी गुलाम मोहम्मद यांनी आधी संस्था काढली. शाळा उघडली 1880 मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. मुलं साधारण 120, उस्ताद तीन. आजची इमारत वापरात आली ती 1893 मध्ये!

ती सहा वर्षं आम्हाला वाया गेलेली वाटत नाहीत. मुंबईतला समाज तरी कुठे एकसारखा होता? कोणाच्या घरात गुजराती, कोणाच्या कच्छी, कोणाच्या कोकणी. शाळेत उर्दू आणि इंग्रजी शेजारी-शेजारी आल्या. चंदा गोळा केला, सरकारी अनुदान घ्यायलाही संकोच केला नाही.

आज कागदपत्रं वेगळी आहेत. 1860 च्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, आणि स्वतःच्या पैशांवर शाळा चालवायची तर 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली अर्ज. राज्यघटनेचं कलम 30 आपल्याला शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. शिक्षकांचा पगार देत नाही. तो जूनच्या उत्साहात निघतो, खरी परीक्षा मार्चमध्ये असते.

एक गोष्ट मात्र अंजुमनकडून घेऊ नये. बद्रुद्दीन यांनी स्वतःच्या मुली शिकायला इंग्लंडला पाठवल्या, पण अंजुमनची मुलींची शाळा सुरू व्हायला 1936 उजाडलं. मुलांच्या शाळेनंतर 56 वर्षं! इथून सोलापूर पन्नासेक किलोमीटर. मुलीला रोज एसटीने पाठवायला घरचे कचरतात, हे आम्ही दरवर्षी निकालानंतर बघतो. म्हणून बैठक भरेल तेव्हा वहीत आधी मुलींची नावं लिहून घ्या. जागेचं नंतर बघू.