दारं धरणाऱ्या पायांसाठी लोकरी मोजे

गव्हाचं पाणी आणि थंडी जोडीनंच येतात. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हाला मुकुटमुळं फुटताना, १८ ते २१ दिवसांनी एक पाणी लागतं आणि पुढचं ४० ते ४५ दिवसांनी, म्हणजे ऐन डिसेंबरात. जिथं वीज रात्रपाळीची, तिथं घरातला कर्ता माणूस मध्यरात्री दारं धरायला जातो. अंगावर घोंगडी असते, पाय मात्र गारठतात. भगिनींनो, यंदा वडिलांसाठी, सासऱ्यांसाठी घरीच लोकरी मोजे विणा.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड. घोंगडीला उत्तम, पण पायाला टोचते. म्हणून बाजारातून मऊ लोकर आणा, १०० ग्रॅम पुरे. घेताना लेबल वाचा. बरेच गुंडे अॅक्रिलिकचे असतात. खरी लोकर वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल शोषते, तरी ओली लागत नाही. अॅक्रिलिकचं तसं नाही.

माप गुपचूप घ्यायचंय? जुन्या चपलेवर उमटलेला पावलाचा ठसा मोजा. मोजा त्याहून एक सेंटिमीटर आखूड ठेवा, तो ताणतो.

दोन्हीकडे टोक असलेल्या १० नंबरच्या पाच सुया घ्या. चार सुयांवर १२-१२ असे ४८ टाके घाला. चार बोटं दोन सुलट, दोन उलट. पुढं गोल सुलट. टाचेला २४ टाक्यांवर २४ ओळी विणा. तिथं लोकरीसोबत नायलॉनचा दोरा घेतला की टाच लवकर झिजत नाही. टाच वळवणं मात्र जाणत्या बाईशेजारी बसूनच शिकावं. मग कडेचे टाके उचलून, कमी करत पुन्हा ४८ वर या. बोटांच्या टोकाला पाच सेंटिमीटर उरले की एक फेरी सोडून चार-चार टाके घटवा. आठ-दहा उरले की सुईनं ओवून आवळा.

आता महत्त्वाचं. मोजे गमबुटातच घालावेत. ओले झाले तर ऊब जाते, आणि सापापासून पाय वाचवतो तो गमबूट, मोजा नव्हे. बूट आवळत असेल तर एक नंबर मोठा घ्या. घट्ट बुटात पाय जास्तच गार पडतात. मधुमेह असलेल्यांच्या मोज्याला घट्ट इलॅस्टिक नको. त्यांनी शेकोटीवर पाय धरू नयेत. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. मोजे काढल्यावर तळवे रोज बघावेत.

धुताना गार पाणी वापरा, पिळू नका, सावलीत वाळवा. जोड्या दोन केल्या तर एक वाळेपर्यंत दुसरी पायात राहील.