जुन्या गाडीचे ब्रेक लाइट : बिघाडाचा माग

ब्रेक लाइटचे सर्किट गाडीतल्या अगदी साध्या सर्किटांपैकी एक आहे. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूजमधून ब्रेक पेडलजवळच्या स्विचपर्यंत येतो. पेडल दाबले की तो मागच्या बल्बांत जातो आणि गाडीच्या पत्र्यातून, म्हणजे अर्थमधून, बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला परततो. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या आणि २०१४च्या जानेवारीत उत्पादन थांबलेल्या मारुती ८००चे सर्किटही असेच आहे. बिघाड होण्याच्या जागा मोजक्याच : बल्ब, फ्यूज, स्विच, वायर आणि अर्थ. तरीही तपास न करता आधी स्विच, मग बल्ब, मग होल्डर असे बदलत जाण्याची खर्चिक सवय फार दिसते. बिघाडाचे लक्षण नीट पाहिले, तर निम्मा शोध तिथेच संपतो.

चालकाला स्वतःच्या गाडीचे ब्रेक लाइट दिसत नाहीत. मागे कोणाला तरी उभे करावे, किंवा अंधार पडल्यावर गाडी भिंतीला पाठ करून लावावी आणि पेडल दाबून भिंतीवरचा लाल उजेड आरशात पाहावा. एकच दिवा लागत नसेल, तर फ्यूज आणि स्विच ठणठणीत आहेत. दोष त्या बाजूच्या बल्बात, होल्डरमध्ये, तिथवरच्या वायरीत किंवा अर्थमध्ये आहे. दोन्ही लागत नसतील, तर संशय फ्यूज आणि स्विचवर. मागच्या काचेतला तिसरा दिवा लागतो आणि खालचे दोन्ही लागत नाहीत, तर फ्यूज-स्विचकडे पाहायचे कारणच नाही.

बल्ब बहुधा दोन तारांचा असतो : ब्रेकसाठी २१ वॅटची, टेललाइटसाठी ५ वॅटची. रात्री टेललाइट लागते म्हणून बल्ब चांगला आहे, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. एक तार तुटून दुसरी शाबूत राहू शकते. काच काळवंडली असेल तर बल्बचे आयुष्य सरले आहे. आतून दुधाळ पांढरी झाली असेल तर हवा शिरली आहे. या बल्बच्या बुडाच्या दोन पिना मुद्दाम खालीवर असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. जोर लावून उलटा बसवला की तारांची अदलाबदल होते. मग टेललाइट झगझगते आणि ब्रेक मारल्यावर उजेडात जेमतेम फरक पडतो. बल्ब काढलाच आहे तर त्याच्या बुडाचे शिशाचे ठिपकेही पाहावेत. ते झिजून सपाट झाले, की होल्डरमधल्या पत्तीशी संपर्क धड होत नाही.

फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून भागत नाही. टेस्ट लॅम्पने त्याची दोन्ही टोके तपासावीत. २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे साडेतीन अँपिअर करंट घेतात, त्यामुळे योग्य मापाचा फ्यूज सहसा उगाच उडत नाही. नवा घातल्यावर पेडल दाबताच तोही उडाला, तर वायर कुठेतरी सोलून पत्र्याला टेकली आहे. अशा वेळी मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे वायरिंग जाळायची सोय करणे. वायर शोधावी ती मागचे दार उघडमिट होताना जिथे वाकते तिथल्या रबरी नळीत, कार्पेटखाली ओल साचते तिथे, आणि म्युझिक सिस्टिम किंवा रिव्हर्स सेन्सर जोडताना कोणी काळी टेप गुंडाळून ठेवली असेल तिथे.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो अर्थ. टेललॅम्पमागे एक काळी वायर स्क्रूने पत्र्याला आवळलेली असते. पावसाळ्याची ओल, कोकणातली खारी हवा आणि वयामुळे त्या स्क्रूखाली गंज चढतो. करंटला परतीची वाट मिळेना, की तो शेजारच्या बल्बांतून वाट काढतो. ब्रेक मारल्यावर इंडिकेटर मिणमिणतो, किंवा टेललाइट चालू असताना ब्रेक दाबला की दोन्ही मंदावतात, ही चमत्कारिक लक्षणे बहुतेक वेळा याचीच असतात. मल्टीमीटरची एक तार होल्डरच्या अर्थ बाजूला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून पेडल दाबावे. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर अर्थ खराब आहे. एवढासा व्होल्ट क्षुल्लक वाटतो, पण व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की साध्या बल्बचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. मागच्या चालकाला तो उन्हात दिसतही नाही. स्क्रू काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावा, वायरची चकतीही घासावी, पुन्हा घट्ट आवळावे आणि वरून थोडे ग्रीस लावावे. पाच मिनिटांचे हे काम अनेकदा नव्या टेललॅम्पचा खर्च वाचवते.

स्विचची परीक्षा सोपी आहे. तो दोन वायरींचा असेल, तर कनेक्टर काढून त्याची दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडावीत. दिवे लागले, तर स्विच गेला. काही जुन्या गाड्यांत मात्र स्विच पेडलपाशी नसून ब्रेक ऑइलच्या नळीवर असतो आणि ऑइलच्या दाबाने चालतो. तो बदलल्यावर ब्रेकमधली हवा काढावी लागते, म्हणून ते काम मेकॅनिककडेच द्यावे.

उलटा बिघाडही होतो : पाय काढला तरी दिवे चालूच राहतात. पेडल वर असताना स्विचचा दांडा दाबलेला असतो आणि दिवे बंद असतात. अनेक गाड्यांत हा दांडा पेडलच्या दांडीवरच्या रबराच्या किंवा प्लास्टिकच्या छोट्या बुचावर टेकतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते बूच ठिसूळ होऊन फुटते, दांडा भोकातून आरपार जातो आणि स्विच कायम चालू राहतो. पायाखालच्या मॅटवर प्लास्टिकचे कपचे सापडले, तर दुसरे काही शोधायला नको. बूच स्वस्तात मिळते. ते शाबूत असेल, तर स्विचचा लॉकनट सैल करून स्विच पेडलच्या दिशेने थोडा पुढे घ्यावा, पण पेडल पूर्ण वर येते आहे याची खात्री करूनच. नाहीतर ब्रेक थोडे लागलेलेच राहून तापतात. ज्या गाड्यांत हे सर्किट चावीवर अवलंबून नाही, तिथे हा दोष त्याच दिवशी दूर करावा, कारण साडेतीन अँपिअरचा हा खर्च ३५ अँपिअर-तासांची बॅटरी एका रात्रीत रिकामी करतो.